माशीला नाव कशाला?

राजापूर तालुक्यातील नाटे बंदरात होड्या लागल्या की ‘मासे आले’ एवढे सांगून कोणाचे भागत नाही. बांगडा आहे की तारली, सुरमई मिळाली का, कर्ली किती, मांदेली किती, शेंगाळा कोणाच्या जाळ्यात आला, हे सारे नावानिशी विचारले जाते आणि नावानिशीच सांगितले जाते. मच्छीमाराच्या घरातील लहान मुलालाही ही नावे पाठ असतात. शाळेत ती कोणी शिकवलेली नसतात. ज्याच्यावर घर चालते त्याची ओळख घरातच होते.

पण त्याच टोपल्यांभोवती जे घोंघावत असते त्याला मात्र आपल्याकडे एकच शब्द आहे: माशी. परसातल्या अळवाच्या पानावर येऊन बसते तीही माशी आणि खाडीच्या चिखलावर तुरुतुरु धावते तीही माशी. फार तर डास, चिलट, मधमाशी, गांधीलमाशी अशी चार नावे आपण आणखी घेऊ. म्हणजे जी चावते तिला नाव, जी त्रास देते तिला नाव, जी मध देते तिला नाव. बाकीच्या साऱ्या एका शब्दाखाली झाकलेल्या.

या साध्या गोष्टीतून एक गंभीर प्रश्न उभा राहतो. नाव कोणाला मिळावे? ज्याचा बाजारात भाव होतो त्याला? ज्याची आपल्याला भीती वाटते त्याला? की परमेश्वराने ते घडवले आहे आणि ते आहे, एवढ्याच कारणासाठी त्याला नाव असावे? जगात काही माणसे अशी आहेत की ती आपले सारे आयुष्य माश्यांच्या जाती ओळखण्यात आणि त्यांना नावे देण्यात घालवतात. हा वेळेचा अपव्यय आहे, की यात काही पुण्य आहे? श्रद्धावंत म्हणून आपण याकडे कसे पाहावे?

लांब पायांची माशी

पावसाळ्यात आपल्या परसातल्या केळीच्या किंवा हळदीच्या पानाकडे जरा वाकून पाहा. पाच-सहा मिलिमीटर लांबीची, हिरव्या किंवा तांबूस सोनेरी रंगाने चकाकणारी एक माशी उंच पायांवर उभी असलेली दिसेल. ती थोडी धावते, थांबते, वळते, चटकन उडते आणि पुन्हा त्याच पानावर येऊन उभी राहते. आपल्या ताटावर ती बसत नाही. मावा, कोळीकीड, बारीक चिलटे असे मऊ अंगाचे जीव पकडून ती खाते. शेतकऱ्याची ती न बोलावता आलेली मदतनीस आहे, असे म्हटले तरी चालेल.

शास्त्रज्ञ तिच्या कुळाला डोलिकोपोडिडी म्हणतात. ग्रीक भाषेतील ‘लांब’ आणि ‘पाय’ या शब्दांपासून हे नाव झाले आहे. या एकाच कुळातील सात हजारांहून अधिक जातींची वर्णने आजवर झाली आहेत. काही जाती पानांवर राहतात, काही झाडाच्या सालीवर, काही ओढ्यातल्या ओल्या दगडांवर, तर काही समुद्रकाठच्या चिखलावर. पुष्कळ जातींत नराच्या पायावर केसांचा झुबका असतो किंवा पायाचे एखादे पेर रुंद झालेले असते. मादीसमोर तो हा पाय हलवून दाखवतो. आपण ज्या पानाजवळून रोज जातो त्या पानावर हा सोहळा चाललेला असतो आणि आपल्या गावीही नसते.

अजून किती जाती नावावाचून राहिल्या असतील? २०२१ मध्ये सिंगापूरच्या खारफुटीतील कीटकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या लहानशा देशाच्या थोड्याशा खारफुटीत कीटकांच्या सुमारे तीन हजार जाती आढळल्या. नाटे आणि जैतापूर यांच्यामधील खाडीच्या काठानेही खारफुटी उभी आहे. तिथल्या चिखलावर काय काय धावत असेल, याची कल्पनाच करावी.

नवी जात कशी ठरते?

समजा, या खाडीकाठी एखाद्या अभ्यासकाला लांब पायांची एक माशी मिळाली आणि ती नवी असावी असे त्याला वाटले. वाटणे आणि ठरणे यांत मोठे अंतर आहे. प्रथम ती माशी कुठे मिळाली, कोणत्या तारखेला मिळाली, कोणी पकडली, हे लिहिलेली एक इवलीशी चिठ्ठी तिच्याजवळ लावली जाते. ही चिठ्ठी हरवली तर माशीची किंमत जवळजवळ शून्य होते. मग सूक्ष्मदर्शकाखाली तिचे एकेक अंग पाहायचे. मिशीची पेरे, पंखातील शिरा, पायावरील राठ केस, हे सारे मोजायचे. नराच्या पोटाखाली दुमडलेला जननअवयव तर फार बारकाईने तपासावा लागतो. वरून अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन जाती पुष्कळदा तिथेच वेगळ्या ठरतात.

यानंतर खरे कष्ट सुरू होतात. आपल्याआधी ही माशी कोणी पाहिली आहे का, याचा शोध घ्यावा लागतो. शंभर वर्षांपूर्वीचे जर्मन आणि फ्रेंच भाषेतील लेख वाचावे लागतात. दूरच्या संग्रहालयात जपलेल्या जुन्या नमुन्यांशी आपली माशी ताडून पाहावी लागते. एखाद्या जुन्या, धूळ खात पडलेल्या अंकात तिचे वर्णन आधीच झालेले निघाले तर नवे नाव देता येत नाही. जे नाव आधी दिले गेले तेच साधारणपणे खरे मानायचे, असा प्राणिशास्त्राचा नियम आहे.

शोध घेऊनही ती नवीच ठरली, तर तिचे सविस्तर वर्णन आणि चित्रे शास्त्रीय नियतकालिकात छापली जातात. वर्णन असे हवे की आपण गेल्यानंतर, परक्या देशातील अनोळखी माणसालाही त्यावरून ती माशी ओळखता यावी. ज्या एका नमुन्यावर ते नाव आधारलेले असते त्याला होलोटाइप म्हणतात. तो घरात ठेवायचा नसतो. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेसारख्या सार्वजनिक संस्थेकडे तो सोपवतात. या संस्थेचे मुख्यालय कोलकात्याला आहे आणि पुण्यातही तिचे केंद्र आहे. पुढे कोणालाही तिथे जाऊन तो नमुना तपासता येतो आणि ‘तुमचे चुकले’ असे सांगता येते. आणखी एक शिष्टाचार आहे. नव्या जातीला अभ्यासक स्वतःचे नाव देत नाही.

हे सारे नीट पाहिले तर यात काही सद्गुण दडलेले दिसतात. घाई न करणे, जेवढे दिसले तेवढेच लिहिणे, आपल्याआधीच्यांचे ऋण मान्य करणे, आपली चूक दाखवायला दुसऱ्याला जागा ठेवणे आणि स्वतःचे नाव पुढे न करणे. हे गुण आपल्या कुटुंबात, कामाच्या जागी, संस्थांत किती दुर्मीळ झाले आहेत हे वेगळे सांगायला नको.

दोन धर्मगुरू आणि एक माशी

या माशीच्या इतिहासात दोन फ्रेंच धर्मगुरूंची नावे येतात, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. पहिले पिएर आंद्रे लात्रेय. लांब पायांच्या माश्यांचे कुळ ज्या प्रजातीवरून ओळखले जाते त्या ‘डोलिकोपस’ला त्यांनीच १७९६ मध्ये नाव दिले. त्याच्या थोडेच आधी फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत ते बोर्दो येथील तुरुंगात होते. सरकारने धर्मगुरूंवर लादलेली शपथ न घेतल्याबद्दल त्यांना धरले होते. एके दिवशी तुरुंगाच्या जमिनीवर त्यांना एक बारीक भुंगेरा दिसला. ते तो निरखत असताना तुरुंगाचा डॉक्टर आला. हा भुंगेरा दुर्मीळ आहे, असे लात्रेय यांनी त्याला सांगितले. तो किडा एका तरुण निसर्गअभ्यासकापर्यंत पोचला, त्याला लात्रेय यांची योग्यता कळली आणि त्याच्या खटपटीमुळे त्यांची सुटका झाली. मागे राहिलेले त्यांचे सोबती वाचले नाहीत, असे सांगितले जाते. पुढे लात्रेय यांनी धर्मगुरूचे काम केले नाही, पण कीटकशास्त्रातील मोठमोठ्या अभ्यासकांत त्यांची गणना झाली.

दुसरे आबे ऑक्ताव्ह पारां. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या धर्मगुरूंनी लांब पायांच्या माश्यांचाच ध्यास घेतला. १९३३ मध्ये त्यांनी न्यूझीलंडमधील या माश्यांवर लिहिले आणि १९३८ मध्ये फ्रान्समधील माश्यांवर सातशेहून अधिक पानांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. दूरदूरच्या संग्रहालयांतील नमुने त्यांनी तपासले. आजही जगात कुठेही लांब पायांची नवी माशी मिळाली की अभ्यासकाला पारां यांची पाने उलटावी लागतात.

वेदी आणि सूक्ष्मदर्शक यांत या धर्मगुरूला विरोध वाटला नाही. आपल्याला का वाटावा?

माशी कोणी निर्माण केली?

‘देवाने सर्व काही निर्माण केले’ असे आपण दर रविवारी म्हणतो. पण ‘सर्व काही’ म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर सूर्य, समुद्र, डोंगर, गुलाब आणि कोकरू येतात. माशी येत नाही. बायबलमध्येही माशीला मानाचे स्थान नाही. मिसर देशावर आलेल्या संकटांत माश्यांचे थवे होते आणि बालजबूब या दैवताच्या नावाचा अर्थच ‘माश्यांचा स्वामी’ असा लावला जातो.

संत ऑगस्टीन यांनी योहानाच्या शुभवर्तमानावर प्रवचने दिली. पहिल्याच प्रवचनात त्यांनी माशीची एक गोष्ट सांगितली आहे. एक मनुष्य माश्यांनी हैराण झाला होता. तेवढ्यात मॅनिकी पंथाचा एक जण त्याच्याकडे आला. हे दृश्य जग देवाने निर्माण केलेच नाही, असे तो पंथ मानत असे. त्याने विचारले, “या माश्या कोणी केल्या?” त्रासलेल्या माणसाच्या तोंडून ‘देवाने’ हा शब्द निघेना. “सैतानाने केल्या असतील,” तो म्हणाला. मग पाहुण्याने हळूच विचारले, माशी सैतानाची तर तिच्याहून जराशी मोठी मधमाशी कोणाची? मधमाशी गेली, तिच्यामागून टोळ गेला, पाल गेली, पक्षी गेला, मेंढरू, गाय आणि हत्ती गेला. शेवटी मनुष्यही देवाच्या हातून निसटला. माशी देवाची नाही असे म्हणणाऱ्याला मनुष्य देवाचा आहे असे म्हणता येईना.

ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. निर्मितीची साखळी ज्या कडीपाशी आपण तोडतो तिथेच ती तुटून राहत नाही, ती पुढे उसवत जाते. आज माशी बिनकामाची ठरते, उद्या झाड बिनकामाचे ठरते, परवा म्हातारा माणूस बिनकामाचा ठरतो.

संत थॉमस अक्वायनस यांनी १२७३ च्या प्रायश्चित्तकाळात नेपल्स येथे प्रेषितांच्या विश्वासांगीकारावर प्रवचने दिली. एवढे मोठे ते ज्ञानी, पण त्यांनी सांगितले की आमची बुद्धी इतकी दुबळी आहे की एका माशीचे स्वरूपही कोणा तत्त्वज्ञाला पूर्णपणे उलगडता आलेले नाही. सात हजार जातींची वर्णने झाल्यावरही हे विधान खोटे ठरलेले नाही. नाव मिळाल्यावरही ती माशी काय खाते, अंडी कुठे घालते, किती दिवस जगते, हे पुष्कळ जातींबाबत गूढच राहते. नाव हा ज्ञानाचा शेवट नसतो. तिथून ओळखीला सुरुवात होते.

उत्पत्तीच्या पुस्तकातील दुसरा अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचावा. परमेश्वर प्राण्यांना आदामाकडे आणतो आणि तो त्यांना काय नावे देतो ते पाहतो. देवाने स्वतः नावे ठरवली नाहीत, तो थांबला. मात्र त्याआधीच त्याने मनुष्याला बागेत ठेवून तिची मशागत आणि राखण करायला सांगितले होते. आधी राखण, मग नाव, असा तो क्रम आहे. दुसरी एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. पहिल्या अध्यायात मनुष्याला अन्न म्हणून वनस्पती दिलेल्या आहेत. प्राणी खाण्याची मुभा पुढे जलप्रलयानंतर नोहाला मिळाली. म्हणजे आदामाने नावे दिली तेव्हा त्या प्राण्यांचा भाव ठरायचा नव्हता आणि ते ताटातही यायचे नव्हते. नाव देणे म्हणजे ‘तू माझ्या मालकीचा’ असे सांगणे नव्हते. ‘तू आहेस आणि मी तुला पाहिले आहे’ अशी ती साक्ष होती.

माणसे उपाशी असताना?

इथे कोणी रास्त आक्षेप घेईल. गावात रोजगार नाही, तरुण मुंबईला जातात, आजाऱ्याला चांगल्या दवाखान्यासाठी कितीतरी लांब न्यावे लागते. अशा वेळी माशीच्या पायावरचे केस मोजणे ही चैन नाही का?

या आक्षेपाचे उत्तर शोधायला नाटे परिसराच्या सड्यावर जावे. जांभ्या दगडाचे हे विस्तीर्ण कातळ. उन्हाळ्यात काळेठिक्कर, तापलेले, ओसाड. सातबाऱ्यावर अशा जमिनीची नोंद बहुधा ‘पोटखराबा’ अशी होते. म्हणजे पिकाच्या दृष्टीने निरुपयोगी. पण पावसात याच कातळावर पाण्याची डबकी साचतात, सीतेची आसवे आणि गेंदाची फुले गालिच्यासारखी पसरतात. याच जिल्ह्यातील डोर्ले गावातून पांढऱ्या पट्ट्यांची एक पाल १९६३ मध्ये जगाला ठाऊक झाली. ब्रिटिश म्युझियमच्या ॲलिस ग्रँडिसन आणि आपल्याकडील पी. डब्ल्यू. सोमण या दोघांनी मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात तिचे वर्णन केले. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या पट्ट्याबाहेर ती आढळत नाही. चाळीस वर्षांनी, २००३ मध्ये, त्याच डोर्ले गावावरून बिनपायांच्या एका उभयचराचे नवे वर्णन झाले. अशा प्राण्याला मराठीत देवगांडूळ म्हणतात. ज्याने कोणी हा शब्द प्रथम उच्चारला त्याला मातीत वळवळणाऱ्या जीवातही देवाची आठवण झाली होती.

या सड्यांवर आज मोठे प्रश्न उभे आहेत. खाडीपलीकडे माडबन परिसरात ९,९०० मेगावॉटचा अणुऊर्जा प्रकल्प योजलेला आहे. त्यावरून २०११ मध्ये नाटे येथे संघर्ष पेटला आणि एका माणसाचा जीव गेला. २०२३ मध्ये तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी बारसूच्या सड्यावर मातीपरीक्षण सुरू झाले तेव्हाही लोक रस्त्यावर आले. हे प्रकल्प व्हावेत की होऊ नयेत, हा या लेखाचा विषय नाही. विजेची गरज खरी आहे, रोजगाराची गरज खरी आहे आणि जमीन-समुद्रावर जगणाऱ्यांची भीतीही खरी आहे. शिवाय सडा केवळ मोठ्या प्रकल्पांमुळेच जातो असेही नाही. आपली घरे आणि चर्चेस ज्या चिऱ्यांनी बांधलेली आहेत ते चिरेही सड्याच्या खाणीतूनच येतात.

पण न्याय करायचा तर तराजूची दोन्ही पारडी भरलेली हवीत. एका पारड्यात मेगावॉट, नोकऱ्या आणि रुपये असतात आणि त्यांना आकडे असतात. दुसऱ्या पारड्यात जे असते त्याला नावच नसेल, तर ते ‘झाडेझुडपे, किडेमुंग्या’ या दोन शब्दांत संपते. ज्याला नाव नाही त्याची नोंद होत नाही. ज्याची नोंद नाही त्याचे नुकसान झाले असे कोणी म्हणत नाही. एखादा जीव कायमचा नाहीसा होतो आणि तो होता हेसुद्धा कोणाला कळत नाही. डोर्ल्याच्या पालीला १९६३ मध्ये नाव मिळाले, म्हणून आज तिच्याविषयी कोणी बोलू शकतो. माशीच्या पायावरचे केस मोजणारा माणूस या पारड्यात एक खरे वजन टाकत असतो. ते वजन किती मानायचे हे समाजाने ठरवावे, पण ते ठेवलेच नाही तर होणारा निवाडा खोटा ठरेल, मग तो कोणाच्याही बाजूने होवो.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात हीच चिंता मांडली. आपल्या करणीमुळे नाहीशा होणाऱ्या हजारो जाती आपल्या अस्तित्वाने देवाचा गौरव करायच्या थांबतात आणि असे करण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. डोळ्यांत न भरणाऱ्या कीटकांचा आणि किड्यांचा उल्लेख त्यांनी मुद्दाम केला आहे आणि निसर्गाच्या अभ्यासावर अधिक खर्च करावा असेही सुचवले आहे. त्याच परिपत्रकात गरिबांचा आक्रोश आणि भूमीचा आक्रोश एकत्रच ऐकायला त्यांनी सांगितले आहे. तेव्हा माणूस की माशी असा पेच आपण उगाच घालून घेऊ नये.

नाव देण्यासाठी जीव घ्यावा का?

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. माशीला नाव द्यायचे तर ती आधी मारावी लागते. टाचणीवर टोचलेली किंवा अल्कोहोलमध्ये बुडवलेली माशी ही त्या नावाची साक्षीदार असते. जीवनाची साक्ष देण्यासाठी जीवन घ्यायचे, हे कसे?

याला दुसरी वाट आहे का, असा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडलेला आहे. २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील एका माशीचे वर्णन दोन अभ्यासकांनी केवळ छायाचित्रांवरून केले. एकही माशी संग्रहात नव्हती. त्यावरून मोठा वाद झाला. पुष्कळांचे म्हणणे असे की छायाचित्रात आतले अवयव दिसत नाहीत आणि पुढच्या पिढीला शंका आली तर तपासायला हाती काहीच राहत नाही. हे म्हणणे सहज बाजूला सारता येत नाही. लांब पायांच्या माश्यांत तर एका बारीक अवयवावरून जात ठरते.

तेव्हा या प्रश्नाचे गुळगुळीत उत्तर नाही. अभ्यासकाने गरजेपेक्षा एकही जीव जास्त घेऊ नये. जो घेतला तो वाया जाऊ देऊ नये, त्याची चिठ्ठी नीट लिहावी, तो सर्वांसाठी जपावा. दहा माश्या ओळखीसाठी मारणे आणि अख्खा चिखल न पाहताच बुजवून टाकणे यांत फरक आहे. पहिल्या कृतीत निदान पाहणे आहे, दुसरीत तेही नाही. तरीही मारणे हे मारणेच असते आणि ज्याच्या मनाला त्याचे काहीच वाटेनासे झाले आहे त्याने सूक्ष्मदर्शक काही दिवस बाजूला ठेवावा. आपल्या ताटातल्या बांगड्याबद्दलही हेच खरे आहे. कृतज्ञतेविना घेतलेला जीव आपल्याला कठोर बनवतो.

नाव घेणे

माशीपासून माणसापर्यंतचे अंतर आपल्याला वाटते तेवढे मोठे नाही. रत्नागिरी जिल्ह्यात आंब्याच्या बागा राखायला आणि होड्यांवर खलाशी म्हणून नेपाळहून माणसे येतात. वर्षानुवर्षे येतात. आपण त्यांना काय म्हणतो? ‘गुरखा’. घरकाम करणारी ‘बाई’, बांधकामावरचा ‘भैया’, दवाखान्यातला ‘सात नंबरचा पेशंट’. जसा माशीला एक शब्द, तसा यांनाही एकेक शब्द. त्यांच्यापैकी कोणाचे नाव, गाव, मुलाबाळांची चौकशी आपण किती वेळा केली आहे? ज्याचा आपल्याला उपयोग आहे त्याच्या उपयोगालाच आपण नाव देतो आणि माणूस तसाच अनोळखी ठेवतो.

प्रभू येशूने उत्तम मेंढपाळाची ओळख सांगितली ती हीच, की तो आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो. अगदी कवडीमोलाने विकल्या जाणाऱ्या चिमण्यांपैकी एकही स्वर्गीय पित्याच्या नजरेआड नाही, असेही त्याने सांगितले. देवाच्या नजरेत ‘बाकीचे’ असा वर्गच नाही. आपल्याला त्या नजरेचा थोडासा वाटा मिळावा म्हणूनच कदाचित त्याने प्राण्यांना नावे देण्याचे काम आदामावर सोपवले असेल.

दर वर्षी १ सप्टेंबर हा दिवस निर्मितीच्या जपणुकीसाठी प्रार्थनेचा दिवस म्हणून पाळला जातो आणि ४ ऑक्टोबरला असिसीकर संत फ्रान्सिस यांच्या सणापर्यंत हा काळ चालतो. या काळात प्रत्येक कुटुंबाला एक छोटी गोष्ट करता येईल. मुलांना घेऊन परसात जावे, एका पानाजवळ दहा मिनिटे शांत बसावे आणि त्यावर कोण येते-जाते ते वहीत लिहावे. तारीख लिहावी, जागा लिहावी. नाव ठाऊक नसेल तर रंग लिहावा, पाय कसे ते लिहावे. आणि त्याच आठवड्यात, ज्याला आपण आजवर केवळ त्याच्या कामाने ओळखत होतो अशा एका माणसाचे नाव विचारून घ्यावे आणि पुढच्या भेटीत त्याला त्या नावाने हाक मारावी.

हे परमेश्वरा, तू जे घडवलेस त्यातले काहीही आम्हाला क्षुल्लक वाटू देऊ नकोस. आम्हाला सावकाश पाहायला शिकव. जे आम्ही पाहिले त्याची खरी साक्ष द्यायला आणि ज्याला नाव दिले त्याची राखण करायला आम्हाला बळ दे. आमेन.